आकाशवाणीची ड्यूटी रूम ते कॉलेजचा वर्ग : सांगलीतली तेरा वर्षं

दुसरीसभा | गुरुवार, १३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आज जागतिक रेडिओ दिन. सकाळी कॉलेजात शाल-श्रीफळ झालं, "आवाजाच्या जादूगार" वगैरे झालं. भाषणाला सात मिनिटं दिली होती, त्यातली तीन प्रास्ताविकानं खाल्ली. जे बोलायचं राहिलं ते इथं लिहिते.

आधी थोडं स्वतःबद्दल. १९९१ साली मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून लागले. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी माणसं ओळखतील आणि ओळखून गप्प बसतील. नैमित्तिक म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. पहाटेची असली की चारला उठायचं, कारण ५:५५ ला संकेतधून गेलीच पाहिजे, मग घरी कुणी आजारी असो नाहीतर बाहेर धो धो पाऊस असो. उरलेले चोवीस दिवस लग्नाच्या कॅसेटला निवेदन, साखर कारखान्याच्या माहितीपटाला आवाज, गणपतीच्या देखाव्यांना आवाज. एका वर्षी आमच्या गल्लीपासून गणपती पेठेपर्यंत पाच मंडळांत पाच जिजाऊ माझ्याच आवाजात बोलत होत्या.

२०१२ मध्ये इथल्या एका कॉलेजनं पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. रेडिओच्या पेपरला कुणी मिळेना म्हणून मला बोलावलं. तासिका तत्त्वावर. तेव्हापासून तिथंच आहे, तासिका तत्त्वावरच.

पहिल्या दिवशी वर्गात एकवीस पोरं होती. प्रत्येकाला विचारलं, रेडिओ का? सतराजणांचं उत्तर एकच. "माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात." मला हसू आलं, कारण मीही ऑडिशनला हेच समजून गेले होते. माझ्या आधी एक बाई आत गेल्या, आवाज असा की ऐकत बसावं. नापास झाल्या. दुखवट्याची बातमी आणि डाळिंबाच्या रोपांची जाहिरात त्यांनी एकाच गोडव्यात वाचली होती.

पहिली दोन वर्षं मीही आवाजच शिकवला. माईकपासून वीतभर अंतर, प-फ-भ येताना तोंड जरा तिरकं, कागद पाठपोट लिहायचा नाही, पिन मारायची नाही, कोपरा दुमडायचा म्हणजे उलटताना सळसळ होत नाही. हे सगळं दोन आठवड्यांत शिकवून होतं. नंतर पोरं आपापल्या आवाजाच्या प्रेमात पडतात आणि शिकणं थांबतं. तिसऱ्या वर्षी मी क्रम उलटा केला. पहिले तीन महिने माईक बंद. आधी कापायला शिकायचं.

हे कुठून आलं ते सांगते. आमच्या वेळी पाव इंची टेप, स्पूलवर, सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगानं फिरायची. बोलणाऱ्यानं अर्धा सेकंद श्वास घेतला की साडेनऊ सेंटिमीटर टेप. श्वास अक्षरशः हातात धरता यायचा. पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका काप द्यायचा (सरळ कापलं तर सांध्यावर "टक्" ऐकू येतं), वरून चिकटपट्टी. कापलेले तुकडे टेबलाच्या कडेला ओळीनं चिकटवून ठेवायचे. ड्यूटी संपेपर्यंत टाकायचे नाहीत, हा माझ्या वरिष्ठांचा कायदा.

त्या कायद्याचं कारण मला लवकरच कळलं. शेतीच्या कार्यक्रमात एका कृषी अधिकाऱ्यांची मुलाखत होती. गृहस्थ वाक्याच्या शेवटी आवाज पार खाली नेणारे. वेळ जास्त झाली होती म्हणून मी भराभर वाक्यांच्या शेपट्या कापत गेले. प्रसारणाआधी एकदा ऐकावं म्हणून लावलं, तर साहेब सांगताहेत, "फुलोऱ्यात असताना हे औषध फवारू." पुढचा शब्द गायब. मी टेबलाच्या कडेवरचा एकेक तुकडा हातानं टेपच्या हेडवरून ओढून ऐकला. सातवा की आठवा निघाला. "नका." साडेसहा सेंटिमीटरचा होता. परत जोडला तेव्हा कार्यक्रमाला चार मिनिटं उरली होती. त्या दिवशी मला घाम आला तसा नंतर बाळंतपणातही आला नाही.

आता कॉम्प्युटरवर कापताना काही हाताला लागत नाही. चुकलं तर उलटं फिरवलं. दोन वर्षांपूर्वी एका पोरानं हरिपूरच्या एका म्हाताऱ्या हमालाची मुलाखत आणली. हळदीच्या पेवात, म्हणजे साठवणीच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यात, उतरायचं काम केलेला माणूस. पेव उघडलं की लगेच उतरता येत नाही, आत हवा नसते, वाट बघावी लागते, हे आजोबा सांगत होते, आणि सांगताना मधेमधे धापा टाकत होते. पोरानं सगळ्या धापा साफ काढून टाकल्या. राहिलं ते एसटी स्टँडवरच्या सूचनेसारखं. मी म्हटलं, जा, श्वास परत लाव. तर यानं मूळ फाइलवरच सेव्ह केलेलं. पुन्हा हरिपूरला गेला. आजोबांना तोवर कळलं होतं की आपण "रेडिओवर" येणार, तर त्यांनी दुसऱ्यांदा भाषणच ठोकलं. "सर्वप्रथम मी आभार मानतो" पासून. ती मुलाखत गेली ती गेलीच.

तर इथं माध्यमांत काम करून मग शिकवायला गेलेले कुणी आहेत का? तुम्ही सुरुवात कुठून करता? आणि तासिकेचे पैसे वेळेवर मिळतात का, हा अवांतर प्रश्न.

बेदाणा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४८

ताई, "नका"चा किस्सा वाचून अंगावर काटा आला. आम्ही तासगाव भागातले द्राक्षवाले. आमच्या आप्पांची पिढी रेडिओवर ऐकून फवारणी घ्यायची. दावण्या आला, भुरी आली, की संध्याकाळी रेडिओजवळ वही घेऊन बसायची माणसं. त्या वहीत "फवारू" एवढंच लिहिलं गेलं असतं तर!

आप्पांना अजून पाठ आहे, "मध्यम लहरी २३९.८ मीटर, म्हणजेच १२५१ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं हे सांगली केंद्र आहे." नातवंडांचे फोन नंबर आठवत नाहीत, पण हे आठवतं.

चौकसकाका | १३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

लेख छान. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आज रेडिओ ऐकतं कोण? मुलांना मेलेली कला शिकवून त्यांची दोन वर्षं कशाला घालवायची? त्यापेक्षा व्हिडिओ शिकवा, रील शिकवा. हलके घ्या.

बेदाणा | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३१

काका, बेदाण्याच्या शेडवर या एकदा. निवडायला पंचवीस बायका बसलेल्या असतात. हात कामात, डोळे कामात, कान मोकळे. त्यांनी रील बघायचं ठरवलं तर माझा माल कोण निवडणार? रेडिओ असो, फोनवरचं काही असो, ऐकणंच चालतं तिथं.

जुनाश्रोता | शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

दुसरीसभाताई, नाव आवडलं. आता किती जणांना "सभा" म्हणजे रेडिओच्या दिवसभराच्या प्रसारणातला एक टप्पा, हे माहीत असेल, शंका आहे.

सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन काढावं लागे. आमच्या वाड्यात एकच रेडिओ, त्यामुळं नभोनाट्याच्या दिवशी माळ्यापर्यंत माणसं. नाटकवेड्या गावाला ऐकायचं नाटक मिळालं, मग काय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला याच गावात सीतास्वयंवर केलं, तिथून नाटक डोक्यातच बसलेलं.

तुमच्या "आधी कापायला शिकायचं", म्हणजे आधी ऐकायला शिकायचं, या मुद्द्याला एक जुनी जोड देतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत मिळून १५० गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गंमत कार्यक्रमात नव्हती. गंमत अशी की गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकायची, संपल्यावर त्यावर बोलायची, काय करायचं ते ठरवायची आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायची. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली, आणि १९५९ पासून अशा शेतकरी मंडळांचं काम देशभर नेलं. म्हणजे ऐकणाऱ्याला कामाला लावणं हे आपल्याकडं सत्तर वर्षांपूर्वी करून झालंय. ते कोर्सच्या पुस्तकात एका परिच्छेदात येतं, वर्गात कुणी करून बघत नाही.

दुसरीसभा | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

@जुनाश्रोता, नमस्कार. तुम्ही पहाटे सहाला लिहिता म्हणजे पहिल्या सभेचे श्रोते, ओळखलं. ते शेतकरी मंडळांचं मी दरवर्षी सांगते, पण करून बघितलं नाही हे खरं. टोचलं. यंदा करून बघते.

@चौकसकाका, राग कसला. रील शिकवणारे दुसरे सर आहेत आणि त्यांचा वर्ग माझ्यापेक्षा भरलेला असतो. पण तेच सर पोरांना माझ्याकडं पाठवतात, "आवाज घाण येतोय, मॅडमना विचारा" म्हणून. चित्र हललं तर लोक बघतात. आवाज फाटला की अंगठ्यानं पुढं सरकवतात.

नेटसेट | १४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

ताई, "तासिका तत्त्वावरच" वाचून वाईट वाटलं, पण नियम काय ते सांगतो. सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. वीस वर्षं माईकवर काढल्याचं त्यात काही मोजत नाहीत. मात्र २०२२ मध्ये यूजीसीनं "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस" ही सोय काढली आहे. पंधरा वर्षांचा वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असेल तर पदवीची अट नाही. माध्यमं हे क्षेत्र त्यात स्पष्ट नावानं आहे. तुम्ही अर्ज का करत नाही?

दुसरीसभा | १४ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

केला होता विचार. त्या नियमात असंही आहे की अशा प्राध्यापकांची संख्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. आमच्या विभागात मंजूर पदं शून्य आहेत, सगळेच तासिकेवर. शून्याचे दहा टक्के तुम्हीच काढा. संपूर्ण कॉलेजची पदं मोजली तरी पहिला नंबर वाणिज्य आणि संगणकवाल्यांचा. शिवाय मुदत तीन वर्षांची, फार तर आणखी एक. आणि "वरिष्ठ पातळी" हा शब्द नैमित्तिक माणसाला कसा लावायचा? आमच्याकडं पातळीच नव्हती, नुसत्या ड्यूट्या होत्या.

जाऊ दे. पैशाचं सांगायचं तर गेल्या जूनच्या तासिकांचं बिल या महिन्यात निघालं. मिळालं हे महत्त्वाचं.

नेटसेट | १४ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

शून्याचे दहा टक्के. हे वाक्य मी चोरणार आहे.

माणदेशी_पोरगा | १४ फेब्रुवारी, रात्री ८:४०

मी जरा वेगळं विचारतो. रेडिओवाली माणसं शिकवायला आली की पहिला हल्ला आमच्या बोलीवर होतो. मी माणचा. कॉलेजात असताना "आलतो", "गेलतो" म्हटलं की वर्ग हसायचा, सर पण हसायचे. आणि त्याच वेळी आमच्या म्हसवडला २००८ पासून "माणदेशी तरंग" ९०.४ वर सुरू होतं. बायका बचतीवर, शेळ्यांवर, चाऱ्यावर बोलायच्या, आमच्याच भाषेत. तुमच्या जिल्ह्यात जतला, जालिहाळची "येरळावाणी" आहे. तिथं कुणी असल्या भाषेला हसत नाही.

१९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सामुदायिक रेडिओ आधी फक्त शिक्षणसंस्थांना दिला, २००६ ला स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही. मग लहरी जनतेच्या आणि भाषा सदाशिव पेठेची, हे कसं काय? तुम्ही वर्गात काय करता ते प्रामाणिकपणे सांगा.

प्रमिती | १४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

सदाशिव पेठेला उगाच ओढू नका हो. प्रमाणभाषा ही सोय आहे. चंद्रपूरच्या माणसाला आणि सावंतवाडीच्या माणसाला एकच बातमी कळली पाहिजे. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या तेव्हा त्या अख्ख्या महाराष्ट्राला कळायच्याच की.

दुसरीसभा | शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

@माणदेशी_पोरगा, प्रामाणिकपणे विचारलंत तर प्रामाणिकपणे सांगते.

२०१३ च्या वर्गात आटपाडीकडचा एक मुलगा होता. "न्हाई", "व्हय", "कराय लागलोय". मी त्याला प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त करायची. चांगल्या हेतूनंच. एक महिन्यानं तो वर्गात बोलायचा बंद झाला, दिवाळीनंतर यायचाही बंद झाला. त्याच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मेंढपाळांशी झालेलं बोलणं होतं, त्यांच्या मुक्कामाच्या तळावर रात्री बसून केलेलं. तसं रेकॉर्डिंग नंतर कुणीच आणलं नाही, आणता येणारही नव्हतं, कारण ती माणसं माझ्यासारख्या बाईशी तसं बोललीच नसती. त्याला मी घालवला. ते माझं.

आता असं करते. बातमी, सूचना, हवामान हे प्रमाण मराठीत, आणि त्यात मी अजिबात सोडत नाही. चाकातला च आणि चित्रातला च, जाळ्यातला ज आणि जीवनातला ज, ण आणि न, ळ आणि ल. हे आलंच पाहिजे, कारण तिथं श्रोत्याला चेहरा दिसत नाही आणि पुन्हा विचारता येत नाही. मुलाखत, गप्पा, रेडिओवरचं माहितीपर रूपक यात आपापली बोली. मुलाखत घेताना स्वतःची भाषा बदलली तर मार्क कापते.

@प्रमिती, मान्य. पण त्यांच्या बातम्या कळायच्या त्या प्रमाण भाषेमुळं कमी आणि वाक्याच्या तोडणीमुळं जास्त. कुठं थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. प्रमाण मराठीत न कळणाऱ्या बातम्या मी रोज ऐकते.

आर्याची_आई | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

ताई, मुलगी बारावी कॉमर्सला आहे. आरजे व्हायचं म्हणते. घरात भांडणं चालू आहेत. पुण्यात एका खासगी संस्थेत तीन महिन्यांच्या कोर्सची फी ऐकून हे गप्पच झाले. काय करावं?

दुसरीसभा | १५ फेब्रुवारी, दुपारी ५:००

तीन महिन्यांच्या कोर्सला एवढे पैसे घालू नका. पदवी कुठल्याही विषयाची करू दे, अर्थशास्त्र, इतिहास, शेती, काहीही. रेडिओवर बोलायला आधी विषय लागतो. नंतर मन असेल तर पुण्याला विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे. दरम्यान फोनवर रोज दोन मिनिटं रेकॉर्ड करायला सांगा, एकाच माणसाला उद्देशून. "नमस्कार मंडळी" चालणार नाही. आणि आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या ऑडिशनची जाहिरात आली तर नक्की बसू दे. पगार म्हणून त्याकडं बघू नका, शाळा म्हणून बघा.

आर्याची_आई | १५ फेब्रुवारी, दुपारी ५:१२

विषय लागतो, हे तिला वाचून दाखवलं. तोंड वाकडं केलंय.

शेवटचा_बाक | १५ फेब्रुवारी, रात्री ११:२५

मॅडम, ओळखलंत का माहीत नाही. २०१८-१९ ची बॅच, अंतर्गतला ११ मार्क दिले होते तुम्ही मला, २० पैकी. वाचनमात्र होतो इथं, तुमचा धागा बघून खातं उघडलं. पुराचा स्वाध्याय तुम्ही लिहिला नाहीत, म्हणून मी लिहितो.

बाहेरच्यांसाठी सांगतो. सांगलीत पावसाळ्यात एकच आकडा चालतो, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. मॅडमनी बातमीचा कागद दिला होता, "आयर्विन पुलाजवळ पातळी ४३ फूट ६ इंच." ही बातमी अशा आजीसाठी लिहा, जिनं ती पट्टी कधी बघितली नाही.

मी लिहिलं, "पाणी इशारा पातळीच्या साडेतीन फूट वर आणि धोका पातळीच्या दीड फूट खाली आहे." मला वाटलं भारी. मॅडमनी विचारलं, "पण पाणी कुणाच्या दारात आहे?" मी पुन्हा लिहिलं, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता, अशी नावं घातली. म्हणाल्या, "आजी आता उठून काय करणार?" पुन्हा. मग कुठं जायचं, काय घ्यायचं ते घातलं. म्हणाल्या, "किती वाजता सांगतोयस हे?" पाचव्यांदा कागद परत आला तेव्हा मी मनात काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

मग ऑगस्ट २०१९ आला. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या भागात लाइट नाही, फोनची बॅटरी जपून वापरायची, आणि व्हॉट्सॲपवर एकामागून एक आवाजी मेसेज, धरण फुटलं, दरवाजे तुटले, कुणाचे कुठले कधीचे काही पत्ता नाही. मी चाळीस सेकंदांचा एक रेकॉर्ड करून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. सुरुवात अशी केली, "आज बुधवार, ७ ऑगस्ट, सकाळचे आठ वाजलेत. हे फक्त आपल्या गल्लीसाठी आहे." मग पाणी कुठल्या दुकानाच्या पायरीला आहे, कुठल्या बाजूनं बाहेर पडता येतं, बोट कुठं लागते. दोनदा. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो मेसेज फिरत फिरत परत माझ्याकडं आला. पण सुरुवातीलाच वार-तारीख असल्यामुळं ज्यानं ऐकलं त्याला कळलं की हा कालचा. रेडिओवर सारखी वेळ का सांगतात ते मला तेव्हा कळलं. मी समजायचो लोकांकडं घड्याळ नसायचं म्हणून.

आता माती कुठं खाल्ली ते. संध्याकाळी दुसरा मेसेज घाईत केला, त्यात तारीख राहिली. "पाणी वाढतंय, वरच्या मजल्यावर जा." २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा तोच मेसेज कुणीतरी उकरून काढला आणि इचलकरंजीच्या मावशीचा मला रात्री दोनला फोन. "आरं, तुझा आवाज ऐकला, तू वर गेलास का?" मी पुण्यात होतो. झोपलो होतो.

११ मार्क बरोबर होते.

बेदाणा | १५ फेब्रुवारी, रात्री ११:४०

+१००. रात्री दोनचा फोन वाचून हसलो, मग हसू गेलं.

चौकसकाका | रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण हे व्हॉट्सॲपचं पटलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा स्वाध्याय करायला लावला पाहिजे. "उद्या पाणी येणार नाही" असा मेसेज रात्री १२:१० ला टाकतो. उद्या म्हणजे कधी?

दुसरीसभा | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

@शेवटचा_बाक, ओळखलं. तू खिडकीजवळ बसायचास आणि हजेरीला दुसऱ्याचा आवाज काढायचास. ११ त्याचेच होते. तो सात तारखेचा मेसेज असेल तर मला पाठव, आणि तारीख नसलेलाही. दोन्ही वर्गात लावते. नाव सांगणार नाही.

@चौकसकाका, उद्या, काल, आज संध्याकाळी हे शब्द मी पहिल्या महिन्यातच बंद करते. "वरीलप्रमाणे" आणि "खालील" हेही. कानाला वर-खाली नसतं.

माणदेशी_पोरगा | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

ताई, आटपाडीच्या मुलाचं लिहिलंत, त्याबद्दल आभार. एवढं कुणी कबूल करत नाही. जाता जाता, कॉलेजात स्टुडिओ आहे का? आमच्या गावात पोरं पॉडकास्ट सुरू करायचं म्हणताहेत, खोली घुमते. अंड्याचे ट्रे लावावेत का?

दुसरीसभा | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

ट्रेच्या नादी लागू नका, दिसायला स्टुडिओ वाटतो, घुमणं फारसं कमी होत नाही. आवाज शोषायला जाड, मऊ काहीतरी लागतं. आमचा "स्टुडिओ" म्हणजे जिन्याखालची अडगळ होती. पोरांनी घरून जुन्या वाकळा आणल्या, दोरीवर तिन्ही बाजूंनी टांगल्या. आजीच्या नऊवारीची वाकळ सगळ्यात उत्तम, थर जास्त असतात. मूल्यांकन समिती आली तेव्हा मात्र त्या काढून ठेवायला सांगितल्या आणि पडदा लावला. समिती गेल्यावर पुन्हा टांगल्या. आवाज कापायचं फुकटचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, पाच वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर, दोन माईक. बास.

आणि एक करा. जिथं रेकॉर्ड कराल तिथला नुसता अर्धा मिनिट कुणीही न बोलता घ्या. कापाकापी केल्यावर सांध्यात तोच भरायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, दुसरीकडची आणून चालत नाही.

जुनाश्रोता | १६ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

शांततेवरून आठवलं. पूर्वी बाजारात सौदा उपरण्याखाली बोटं धरून व्हायचा. दोन माणसं हात झाकून उभी, चेहरा कोरा, आणि भाव ठरलेला. रेडिओवाल्यानं तिथं काय रेकॉर्ड केलं असतं?

दुसरीसभा | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

काय सुंदर प्रश्न काढलात. हा यंदाच्या परीक्षेत घालते.

त्यावरून, नवी हळद बाजारात यायला लागली आहे. या किंवा पुढच्या आठवड्यात वर्गाला मार्केट यार्डात सौद्याला नेणार आहे. आता बोली उघड असते, भरपूर आवाज मिळतो. जुनाश्रोताकाका, तुम्ही आलात तर पोरांना उपरण्याखालचा सौदा करून दाखवाल का? तुम्ही सांगायचं, त्यांनी ऐकायचं, मग त्यांनी आपसात बोलून तुम्हाला प्रश्न पाठवायचे, १९५६ सारखं. वार ठरला की इथं लिहिते.

जुनाश्रोता | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

येतो. उपरणं आहे. सकाळची वेळ ठेवा, दुपारी मला झोप लागते.

बेदाणा | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२२

मीपण येतो, आप्पांना घेऊन. बघायला. फोन सायलेंटवर ठेवला तर चालेल ना?

दुसरीसभा | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

नाही. सायलेंटवरचा फोन थरथरतो, रेकॉर्डिंगमध्ये भुंगा आल्यासारखं होतं. बंद करायचा.